मिरचीला विमा होता

स्वयंपाकघरातून मिरचीचा ठसका आला की मी अजूनही एकदम नंदुरबारच्या सरकारी दवाखान्यात जाऊन पोचतो. बायको म्हणते, "झालं, निघाले साहेब ड्युटीवर!" हसते बिचारी. मला मात्र हसू येत नाही.

कोकणातून बदली होऊन मी तिथे नुकताच हजर झालो होतो. दुपारी दवाखान्यातून ठाण्यात वर्दी आली : मोटारसायकलचा अपघात, उजवा हात चिरडलेला, इसम बेशुद्ध. ठाणे अंमलदाराने नोंद घेतली आणि एक जुने हवालदार, एक महिला शिपाई सोबत घेऊन मी निघालो. अशा वर्द्या रोजच्याच असतात. पंचनामा करायचा, जबाब घ्यायचे, परत यायचं, एवढंच डोक्यात होतं.

जखमी तोरणमाळकडचा, मिरची दळण्याच्या कारखान्यातला मजूर. त्याचा मालक खाटेशीच उभा होता. मी विचारण्याआधीच तो बोलू लागला.

"साहेब, आज तो कामवर उनाच नही. घरून गाडीवर ई ऱ्हायंता, रस्तामा पडना. मीच त्याले आठे लई उनू."

तो कामावर आलाच नव्हता, येताना रस्त्यात पडला, असं न विचारता सांगणाऱ्या माणसाकडे मी जरा जास्तच लक्ष देतो. पण डॉक्टर घाईत होते. "इथे ठेवलं तर माणूस जाईल. सुरतला हलवा, लगेच." मालक म्हणाला, माझी गाडी दारात तयार आहे, खर्चही मीच करतो. जखमीची बायको भिंतीला टेकून बसली होती. मालक बोलला की ती मान हलवायची.

मी जखमीचा चेहरा पाहायला वाकलो आणि असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणीच आलं.

"मिरची!" मी कसाबसा म्हणालो.

हवालदार गोंधळले. "माले तं काहीच वास नही ई ऱ्हायना, साहेब."

मालकानेही नाक ओढून पाहिलं आणि मान हलवली. तो खोटं बोलत नव्हता. जन्म मिरचीत गेलेला, त्याच्या नाकाला मिरची कळेना. जखमीच्या अंगात कोरा शर्ट होता, घड्या अजून मोडल्या नव्हत्या. पण मानेवर, केसांत, कानामागे लाल भुकटी बसली होती. कामावर न आलेल्या माणसाच्या अंगावर ती कुठून आली? शर्ट बदलणाऱ्यांना ती जाणवलीच नव्हती.

आता माझा जीव टांगणीला लागला. चौकशीसाठी थांबवावं, तर माणूस दगावेल. मालकाच्या गाडीतून जाऊ द्यावं, तर बायको त्याच्या मुठीत जाईल, तिकडे कारखान्यातलं मशीन धुऊन निघेल आणि अपघात कायमचा रस्त्यावरचा होईल. मी महिला शिपायाला बायकोजवळ बसवलं. शिपाई धडगावची, दोघी तिकडच्या पावरी बोलीत हळूहळू बोलू लागल्या. थोड्या वेळाने शिपाई माझ्याकडे आली.

"साहेब, ती एकच विचारतेय. खरं बोलले तर गाडी थांबेल का?"

मी सरकारी रुग्णवाहिका मागवली आणि ती येईपर्यंत दारात येरझाऱ्या घातल्या. प्रत्येक हॉर्नला वाटायचं, हीच. अखेर आली. जखमीला आत घातलं, इंजिन सुरू करायला लावलं. मग शिपायाकरवी तिला सांगितलं, "ही गाडी कुणी थांबवणार नाही, ताई. काही बोलू नका, नुसत्या जा."

ती पायरीवर चढली. नवऱ्याकडे पाहिलं, मग मागे वळली आणि भडाभडा बोलली. शिपायाने मराठीत सांगितलं : हात चक्कीच्या पट्ट्यात गेला. शर्ट मालकाने बदलला. रस्त्यावर पडला म्हण, नाहीतर उपचार बंद, असं त्यानेच बजावलं.

मालकाला घेऊन कारखान्यात पोचलो तेव्हा चक्कीखाली पाणी साचलं होतं. फाटका, रक्ताने माखलेला शर्ट रिकाम्या पोत्यांखाली सापडला. पंचांसमोर तो उचलून मालकाला दाखवला. मी विचारलं, "मजुरांचा विमा?"

"गोदामना शे, साहेब. टेम्पोना शे. मिरचीना बी शे."

"आणि माणसांचा?"

त्याने नकारार्थी मान हलवली. माझं डोकं असं भणाणलं की मी बाहेर जाऊन उभा राहिलो. कामावर इजा झाली तर भरपाई मालकानेच द्यायची, हा कायदा आहे. विमा असता तर ती विमा कंपनीने दिली असती. हा घाबरला आणि बेशुद्ध माणसाचे कपडे बदलत बसला. त्यात दवाखान्यात न्यायलाही उशीर झाला.

माणूस वाचला, हात गेला. गुन्हा दाखल झाला, भरपाईही लागली, पण ती मिळेपर्यंत त्या बाईला फार फिरावं लागलं. पुढे ती एकदा कोर्टाच्या आवारात भेटली. तोवर मोडकं मराठी बोलू लागली होती. म्हणाली, "दादा, तू गाडी आधी सोडली, म्हणून मी बोलली."

नोकरीत मी पुष्कळ चौकशा केल्या, दरडावलं, टेबलं आपटली. भीती गेल्याशिवाय माणूस खरं बोलत नाही, हे मला त्या बाईने शिकवलं. त्यानंतर कुठल्याही कारखान्यात गेलो, अगदी चोरीच्या तपासाला का असेना, आधी मजुरांच्या विम्याचं विचारायचो. मालक वैतागायचे, "साहेब, चोरीचा आणि याचा काय संबंध?" वैतागू देत. कुणाच्या बायकोने पुन्हा कधी गाडी थांबेल का म्हणून विचारू नये, एवढंच मला हवं होतं.