डाव्या-उजव्याची मूठ

अख्ख्या अंबरनाथमध्ये आपली सुरी विश्वासाने द्यावी असा माणूस एकच होता, आणि चुकूनही देऊ नये असाही तोच: आमच्या आत्याचे यजमान. आम्ही त्यांना काका म्हणायचो. कारखान्यात फिटर. कुणाकडेही गेले की चहाच्या आधी स्वयंपाकघरात शिरायचे, सुरी उचलायचे आणि घरात कुणी आजारी असल्यासारखा चेहरा करायचे. "हिची मूठ कुणी बसवली? हात कापून घ्यायचाय का?" झालं! सुरी त्यांच्या पिशवीत. मग मुठीच्या जुन्या फळ्या उखडायच्या, पात्याच्या शेपटाला दोन्ही अंगांनी नव्या लावायच्या, पितळी रिव्हेट ठोकायचे, कानशीने घासायचं, जवसाचं तेल पाजायचं. सुरी परत यायची ती सणवार उलटून गेल्यावर. तोवर विळीवर बसून बसून आईचे गुडघे बोलायला लागायचे.

लाकडासाठी तर या माणसाने ताळतंत्रच सोडलं होतं. आत्याचा शिसवी पोळपाट एका दुपारी दोन सुऱ्यांच्या मुठी होऊन बसला. आत्या त्यानंतर स्टीलच्या ताटावर पोळ्या लाटताना काय काय बोलली, ते लिहिण्यासारखं नाही. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये एका फर्निचरच्या दुकानात काका सोफ्याचा पाय नखाने खरवडत बसले. सिंधी दुकानदार शेवटी वैतागला, "साईं, सोफा चाहिए या सिर्फ टांग?" काका गंभीरपणे म्हणाले, "टांग अलग मिलेगा क्या?" मी तोंड लपवून दुकानाबाहेर.

आणि माप घ्यायची तऱ्हा काय, तर भिजवलेल्या कणकेचा गोळा आपल्या हातात द्यायचा. "आवळा." बोटांच्या खुणा उमटल्या की गोळा रुमालात बांधून घरी. त्या दिवशी आमच्याकडे पोळ्या कमी पडायच्या.

कळस झाला तो माझ्या धाकट्या बहिणीच्या, सुमीच्या, पाहण्याच्या कार्यक्रमात. सुमी डावखुरी. त्यापायी आधीची स्थळं मोडली होती, म्हणून आईने तिच्याकडून उजव्या हाताने पोहे द्यायचा सराव करून घेतला होता आणि आम्हा सगळ्यांना गप्प बसायची ताकीद दिली होती. शिरगावचं स्थळ, मुलगा हसरा. सुमीला तो आवडला होता, कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या तिच्या. पोहे सुखरूप पार पडले. आणि काका आतून कणकेचा गोळा घेऊन आले! "जावईबापू, आवळा. सुरीच्या मुठीचं माप घेतोय." बिचाऱ्याने आवळला. काकांनी गोळा उजेडात धरला. "छान! उजवी मूठ. आमच्या सुमीची डावी आहे, लहानपणापासून."

आईच्या हातातली बशी कलंडली. मुलाच्या आईने आपल्या यजमानांकडे पाहिलं. सुमीची मान खाली. काकांना त्या गोळ्यासकट जिन्यावरून ढकलून द्यावं असं मला वाटलं. तेवढ्यात मुलगा म्हणाला, "मग हो, सुरी कशी करणार? दोघांना एकच चालायला हवी ना?"

दोघांना! सुमीने मान वर केली. मुलाच्या आईनेही ते ऐकलं, क्षणभर लेकाकडे बघितलं आणि त्या हसल्या. "याने ठरवलेलंच दिसतंय." काका मात्र कपाळाला आठ्या घालून पुटपुटत होते, "अवघड आहे. फार अवघड आहे."

लग्न झालं, मुलगी झाली, ती चालायला लागली, तेव्हा कुठे सुरी आली. डाव्या-उजव्या दोन्ही हातांना बसेल अशी मूठ करायला गेले, ती कुणाच्याच हाताला बसेना. उजव्या हातात अंगठा भलतीकडे जातो, डाव्यात करंगळीला टोचते. काकांना मी पहिल्यांदाच ओशाळलेलं पाहिलं. "सुमे, नाही जमलं गं. फेकून दे हवं तर." पुढे काही महिन्यांतच ते गेले.

परवा शिरगावला गेलो, तर मेहुणे त्याच सुरीने काकडी चोचवत होते आणि सुमी ओरडत होती, "अहो, बोट सांभाळा!" मी चिडून म्हटलं, "बाजारात सुऱ्या मिळत नाहीत का रे?"

"मिळतात की," दोघंही एकदम म्हणाली. मेहुण्यांनी हात झटकला, सुरी सुमीच्या डाव्या हातात दिली, आणि उरलेली काकडी ती चोचवू लागली. मला काकांची फार आठवण आली. मीही सुरीसाठी हात पुढे केला.