बिनटप्प्याचा बास्केटबॉल

टिपणीस सर कुठल्याही नव्या वर्गाला पहिल्यांदा भेटले की बर्फापासून सुरुवात करायचे. हजेरी नाही, नावगाव नाही, एकदम बर्फ. "बाहेर कमरेएवढा बर्फ. आत अठरा दांडगे विद्यार्थी, कवायत करून करून विटलेले. आधीच्या दोन मास्तरांनी हात टेकलेत. आता तिसऱ्या मास्तरानं काय करावं?" आम्ही पेणच्या शाळेतली मुलं. बर्फ पाहिला होता तो मासळीच्या पेटीतला, नाहीतर गोळेवाल्याच्या हातगाडीवरचा. पण सर असे काही सांगायचे, की त्या अमेरिकेतल्या व्यायामशाळेत आम्हीसुद्धा हात चोळत उभे आहोत असं वाटायचं.

मग तो कॅनडाहून आलेला तिसरा मास्तर विचार करायचा. फुटबॉल आत खेळला तर गुडघे फुटतात, म्हणून चेंडू हातात द्यायचा. हातात घेऊन पळाला तर धक्काबुक्की होते, म्हणून पळायचं नाही. गोल जमिनीवर ठेवला तर सगळे तिथेच गर्दी करतात, म्हणून गोल डोक्याच्या वर. शिपायाकडे दोन खोकी मागितली, तर त्याने फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. "पीच नावाचं फळ. आपल्या आंब्याच्या करंड्या असतात ना, तशाच. ठोकल्या गॅलरीच्या कठड्याला. झाला बास्केटबॉल!" टोपल्यांना बूड होतं, त्यामुळे चेंडू आत पडला की शिडी लावून कोणीतरी तो काढून आणायचा. इथे आम्ही हसायचो आणि सर थांबून आमचं हसणं संपू द्यायचे. मग गोष्ट जगभर निघायची. तिथले विद्यार्थी चेंडू घेऊन चीनला गेले, जपानला गेले, मद्रासला उतरले. पहिल्या महायुद्धात सैनिकांनी तो युरोपात नेला. "आणि मद्रासहून एक टिपणीस तो रोह्याला घेऊन आला," असं म्हणून सर स्वतःच्या छातीवर टिचकी मारायचे. तरुणपणी ते मद्रासला शारीरिक शिक्षणाचा कोर्स करून आले होते, त्याचा त्यांना भारी अभिमान.

सर गेल्या वर्षी गेले. मथुराचा फोन आला तेव्हा मी पोह्याचे पापड भाजत होते. मथुरा आमच्या टीमची कॅप्टन, गडबची. आता कासूला दिलेली आहे. "सर गेले गो," एवढंच ती म्हणाली. मी "बरं" म्हटलं आणि उरलेले पापड भाजून डब्यात भरले. रोह्याला जाऊन आले, त्यांच्या पायांना हात लावला, परतीच्या एसटीत खिडकीशी बसले. काही वाटलं नाही. वाटायचं ते फार पूर्वी वाटून संपलं होतं, की तेव्हाच राहून गेलं होतं, कोण जाणे.

सर उंच नव्हते. बास्केटबॉल शिकवणारा माणूस ताडमाड असेल अशी कोणाची समजूत असेल तर ती सरांना पाहून मोडायची. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट, पांढरी पँट, आणि तिच्यावर आमच्या मैदानाची माती गुडघ्यापर्यंत. राहायला रोह्याला. सकाळच्या एसटीने पेणला यायचे आणि त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी नंदा. ती माझ्याच वर्गात होती. स्टँडवर उतरेपर्यंत ती त्यांना बाबा म्हणायची आणि शाळेच्या फाटकातून आत आली की सर. दोघांनाही त्यात काही विशेष वाटत नसे.

रिंगची हकीकत सांगायलाच हवी. शाळेने दोन लोखंडी खांब मंजूर केले. सर वेल्डिंगवाल्याकडे गेले, आणि रिंग कशी हवी हे सांगण्याऐवजी त्यालाही बर्फापासून सगळी गोष्ट सांगत बसले. तो बिचारा मन लावून ऐकत राहिला. आठ दिवसांनी खांब उभे राहिले तर दोन्ही रिंगांना खालून सळयांची जाळी! चेंडू वरून जायचा आणि आत बसून राहायचा. सर कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे, हे काय केलंस?" तो म्हणाला, "सर, तुमीच बोललाव ना, टोपलीला बूड होता म्हणून? मी तर मजबूत मारलाय." सर त्याला रागावले नाहीत. उलट शिडी मागवली, आणि जाळी कापायला माणूस येईपर्यंत आम्ही खरोखरच शिडी लावून चेंडू काढत खेळलो. सर खाली उभे राहून खूश. "मुळापासून शिकताय पोरींनो! असं शिक्षण मुंबईत मिळायचं नाय."

मैदान भरावाचं होतं, खाडीकडची चिकण माती टाकलेली. पावसाळ्यात चिखल आणि नंतरही बराच काळ मऊ. चेंडू आपटला की थप्प करून तिथेच बसायचा. बास्केटबॉलमध्ये चेंडूचे टप्पे टाकत पुढे जायचं असतं हे आम्हाला ऐकूनच माहीत. सरांनी सिमेंटच्या कोर्टासाठी अर्ज केले, कोर्ट झालं नाही. मग त्यांनी आम्हाला टप्पाच शिकवला नाही. "मूळ नियमात टप्पा होता कुठे? चेंडू धरला त्या जागेवरून फेकायचा, बस. टप्पा मागाहून आला." त्याला जोडून बर्लिन ऑलिंपिक. तिथली फायनल उघड्यावर, मातीच्या कोर्टात, भर पावसात झाली. चेंडू उसळेना, खेळाडू घसरून पडले आणि तो म्हातारा झालेला मास्तर स्वतः बघायला आला होता. "जगातले सगळ्यात मोठे खेळाडू चिखलात हात टेकून उभे! त्या दिवशी आपल्या पेणच्या पोरी तिथे असत्या ना, तर मेडल कुठे जाणार होतं?"

म्हणून आम्ही नुसते पास द्यायचो. इकडून तिकडे, तिकडून इकडे. सरांचं एकच म्हणणं असायचं, "माणूस बघू नका. जागा बघा. जागेवर चेंडू टाका, माणूस तिथे येतोच." मानही न वळवता फेकायची सवय त्यांनी आमच्या हातांना लावली. आणि डाव्या कोपऱ्याची जागा नंदाची. ती बारीक, शांत, वेणी घट्ट बांधलेली. कशी पोचायची कळायचं नाही, पण चेंडू पोचायच्या आत ती तिथे असायची. तिथून टाकलेला चेंडू बहुतेक वेळा रिंगमध्ये. मथुरा तर डोळे मिटून तिकडे फेकायची. मी टीममध्ये सहावी, म्हणजे कोणाला लागलं-बिगलं तर उतरायचं.

मुलींनी हाफ पँट घालून खेळायचं म्हटल्यावर गावागावांतून तक्रारी आल्या. सर प्रत्येकीच्या घरी गेले. गडबला मथुराच्या वडिलांना म्हणाले, "अमेरिकेत सुरुवातीला बायकांच्या मॅचला पुरुषांना आतच सोडत नव्हते. तुम्हाला तसं हवं असेल तर तसं करू. तुम्ही येऊ नका, पोरीला पाठवा." वडील खळखळून हसले आणि मथुरा आली. माझी आई कुरकुरत होती, पण सरांपुढे तिचं काही चाललं नाही.

त्या वर्षी गणपती उठले आणि नंदाला कावीळ झाली. आधी गावठी औषध, मग रोह्याचे डॉक्टर, मग मुंबई. जिल्ह्याची स्पर्धा महिन्यावर आली होती. आम्हाला वाटत होतं की ती येईल, थोडी अशक्त असेल, तिला पाणी-बिणी जास्त द्यावं लागेल. एका सकाळी प्रार्थनेनंतर हेडमास्तरांनी सांगितलं आणि शाळा सोडून दिली. आम्ही पाचजणी मैदानावर जाऊन बसलो. कोणी रडलं नाही. मथुरा पायाने माती उकरत होती. घरी गेले तर आई म्हणाली, "सरांची पोर गेली न तुमी मैदानात बसताव?"  दुसरीकडे कुठे जायचं हेच आम्हाला माहीत नव्हतं.

सुतक फिटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सर एसटीने आले. एकटे. पांढरी पँट, गळ्यात शिट्टी. मैदानाच्या कडेच्या बाकावर बसले. आम्ही खेळायला लागलो. शिट्टी वाजली नाही. कोणी चुकलं तरी सर काही बोलले नाहीत आणि वेळ झाल्यावर उठून गेले. असं रोज. स्टाफरूममध्ये कोणी विचारलं की "ठीक आहे" म्हणायचे. नंदाचं नाव त्यांनी काढलं नाही आणि त्यांच्यासमोर दुसऱ्या कोणाची ते काढायची छाती झाली नाही. बाहेरगावाहून आलेल्या एका नव्या मुलाने शाळेत नाव घातलं तेव्हा त्यांनी सवयीने बर्फाची गोष्ट सुरू केली. अठरा विद्यार्थी, दोन टोपल्या, शिडी. मुलगा हसला. सर त्याचं हसणं संपेपर्यंत थांबले आणि मग थांबलेलेच राहिले. चीन, जपान, मद्रास, काही आलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "जा, खेळ."

स्पर्धा जवळ आली. पाचजणी असल्याशिवाय मॅच सुरूच होत नाही. त्या चौघी आणि राखीव मी, सुलभा. सरांनी नुसतं "सुलभा खेळेल" म्हणायचं होतं. मथुराने विचारलं, "सर, पाचवी कोन?" सर तिच्याकडे बघत राहिले, जणू तिने दुसऱ्याच कोणाला विचारलंय. हेडमास्तर म्हणाले, या वर्षी टीम नको पाठवायला. तेव्हाही सर हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. फक्त ठरलेल्या दिवशी स्टँडवर येऊन उभे राहिले. वडखळवरून पोयनाड, पोयनाडवरून अलिबाग, असे एसटीने पोचलो. अलिबागला टेबलावर पाच नावं विचारली, ती मथुराने सांगितली. पाचवं माझं. सर शेजारी उभे होते, ऐकत होते की नाही सांगता येत नाही.

सिमेंटचं कोर्ट आम्ही पहिल्यांदाच पाहिलं. समोरच्या मुली टप टप चेंडू आपटत येत होत्या, तो आवाजच आम्हाला नवीन. पण आम्ही टप्पा टाकतच नाही म्हटल्यावर त्यांनाही काही कळेना. त्या अडवायला पुढे यायच्या आणि तोवर चेंडू निघून गेलेला असायचा. बघणारे लोक हसत होते, नंतर टाळ्या वाजवायला लागले. मी मात्र रिंगखाली मथुराच्या जवळ घोटाळत होते. कुठे उभं राहायचं हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि डाव्या कोपऱ्याकडे माझे पाय वळत नव्हते. तिथे जाऊन उभी राहिले असते तर नंदाच्या वस्तूला हात लावल्यासारखं झालं असतं.

मग मथुराने चेंडू टाकला, न बघता, डाव्या कोपऱ्यात. कोणी नव्हतं. चेंडू बाहेर गेला. थोड्या वेळाने दुसरीने टाकला, तोही तिकडेच. त्यांचा दोष नव्हता, हातांची सवय होती. समोरच्या मुलींच्या लक्षात आलं, त्यांनी तो कोपरा मोकळाच सोडून दिला. पुन्हा मथुराचा चेंडू गेला आणि रेषेबाहेर घरंगळत थेट सरांच्या पायाशी जाऊन थांबला.

सरांनी तो उचलला. पंचांनी शिट्टी वाजवून हात पुढे केला, तरी सर चेंडू देईनात. दोन्ही हातांत पोटाशी धरून कोपऱ्याकडे बघत उभे राहिले. आम्ही पाचजणी जिथल्या तिथे. पंच जवळ येऊन काहीतरी म्हणाले. तेव्हा सर बोलले, वर्गात बोलायचे त्या मोठ्या आवाजात, सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल असं.

"सुलभा, तू इकडे ये. या कोपऱ्यात तू उभं राहायचं. नंदा गेली. ती नाय येणार आता."

मी गेले. सरांनी माझ्या दंडाला धरून मला रेषेच्या आत नेमक्या जागी उभं केलं आणि चेंडू पंचांना दिला. मग ते बाकावर जाऊन बसले, टॉवेलात तोंड घातलं आणि मोठ्याने रडायला लागले. सगळ्यांच्या देखत. लहान मूल रडतं तसं. लोक बघत होते. त्यांच्याजवळ कोणी गेलं नाही, कारण मॅच सुरू झाली होती, आणि आम्ही थांबलो नाही, कारण थांबा असं सर म्हणाले नव्हते. ती मॅच आम्ही हरलो.

पण ते नंतर. आधी मथुराला चेंडू मिळाला. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पुसायला हात मोकळे नव्हते. तिने मान वळवली नाही, डाव्या कोपऱ्यात चेंडू फेकला, आणि मी तो धरला.