दुसऱ्या गिअरच्या कडा

चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात माझी बदली नगरच्या वर्कशॉपला झाली. माझं गाव घोडेगाव, म्हणजे घर जवळच; पण सुट्ट्या बंद होत्या. मी फिटर होतो, रँक नाईक. आमच्या सेक्शनकडे डिस्पॅच रायडरच्या मोटरसायकली दुरुस्तीला येत. जिथे टेलिफोन पोचत नाही तिथे लेखी हुकूम घेऊन जायचा तो डिस्पॅच रायडर. गाडी अडली की हुकूमही अडायचा.

स्पेअर पार्ट बोटीनं यायचे, आणि बोटी येत नव्हत्या. म्हणून बाद झालेल्या गाड्यांचे गिअरबॉक्स खोलायचे, रॉकेलमध्ये धुवायचे आणि चांगले भाग पुन्हा वापरायचे. शाफ्ट, बुश, गिअर, सगळं मायक्रोमीटरनं मोजायचं. किती झीज चालेल त्याचा तक्ता भिंतीवर होता. मापात बसलं तर जोडणी, नाहीतर भंगार.

माझ्या बेंचवर नाईक गुलाब होता. नगर शहरातल्या झेंडीगेटचा. त्याचे वडील टांग्यांची चाकं बांधत. गुलाब फिटरही होता आणि रायडरचा कोर्सही केलेला होता. गाड्या चालवून पाहायचं काम लान्स नाईक याकोबकडे. तो नगरच्याच मिशनच्या वस्तीत वाढलेला. गाड्यांची एक तुकडी बर्माच्या आघाडीवर निघणार होती. परवा सकाळी रेल्वेची वॅगन लागणार, आणि गाड्यांबरोबर रायडर म्हणून याकोब जाणार, असा हुकूम होता.

त्या दुपारी याकोब शेवटची गाडी घेऊन इमामपूरच्या घाटाकडे गेला. घोडेगावच्या गुरांच्या बाजाराचा दिवस होता. तो वेळेत परतला नाही. मला काही सुचेना. शेडच्या दारापर्यंत जायचो, परत बेंचवर यायचो. चार वाजता एका लॉरीनं त्याला आणलं. मागे गाडीही होती. त्याचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"उतारावर दुसऱ्या गिअरात हुती. आपसूक सुटली. म्होरं बैलांचा कळप. दरडीला घातली."

"मानसं?"

"कुनाला काय न्हाई."

त्याला हॉस्पिटलला पाठवलं आणि आम्ही गिअरबॉक्स खोलला. दुसरा गिअर मोजला. माप बरोबर. पुन्हा मोजला. बरोबरच. गिअरच्या बाजूला दात असतात, त्यांना डॉग म्हणतात. ते शेजारच्या गिअरमध्ये अडकले की गिअर लागतो. तक्त्यात फक्त त्यांची उंची होती, आणि उंची पुरी होती. गुलाबनं गिअर उजेडात धरला, डॉगच्या कडेवर नख फिरवलं आणि माझ्याकडे दिला.

"अडकतंय का बघ."

नख अडकलं नाही. कडा गोल झाल्या होत्या. उतारावर इंजिननं गाडी मागे ओढली की असा डॉग घसरून बाहेर येणार. आणि सगळ्या गाड्यांत गिअर त्याच ढिगातले होते.

आमचे कॅप्टन साहेब इंग्रज. त्यांनी स्वतः नख फिरवून पाहिलं.

"लोडिंगपर्यंत सगळ्या होतील?"

"न्हाई, सर," मी म्हणालो.

"मग होतील तेवढ्या. न उघडलेली एकही चढणार नाही. वर उत्तर मी देईन."

दुसरा दिवस पहाटेच्या बिगुलापासून त्यातच गेला. बोटांची नखं झिजली. चांगल्या कडांचे गिअर निवडून आठ गाड्या जोडल्या. बाकीच्या तशाच शेडमध्ये राहिल्या. पण याकोबचं मनगट मोडलं होतं. त्याच्या जागी रायडर हवा होता.

"मी जातो, सर," गुलाब म्हणाला. तेलकट हात पुसता पुसता, जेवायला जातो म्हणावं तसं.

सकाळी वॅगनवर त्यानं मला एवढंच सांगितलं, "घरी जायला वेळ न्हाई मिळाला. अब्बांना सांग." मी सांगितलं. अब्बांनी चाकाची धाव ठोकता ठोकता ऐकलं. "बरं," म्हणाले.

पावसाळ्यानंतर बातमी आली. नाईक गुलाब हुकूम घेऊन जाताना रस्त्यावर मारला गेला. तोफगोळा, गोळी, की आणखी काही, ते कळवलं नव्हतं. याकोबची वाट पाहिली ती दुपार मी आठवत राहायचो. हातातलं काम टाकून मध्येच उठायचो.

लढाई संपली. मी आणि याकोब फौजेतून सुटलो तेव्हा मी त्याला म्हणालो, "चल, झेंडीगेटला जाऊ." तो आला, पण दारातच थांबला.

अब्बांनी मला विचारलं, "त्याची गाडी कुनी बांधली हुती?"

"मी."

"चांगली हुती?"

"चांगली हुती, चाचा. कड न् कड बघितली हुती."

त्यांनी मान हलवली. मग बाहेर पाहिलं. "ह्यो कोन?"

"याकोब. गुलाब याच्या जागी गेल्ता."

याकोबनं खाली पाहिलं. अब्बा उठले, दारात गेले, आणि त्याचं वाकडं जुळलेलं मनगट दोन्ही हातांत घेऊन दाबून पाहिलं, जसे ते चाकाचा आरा पाहत.

"दुखतं का अजून?"

"थंडीत दुखतं."

"आत ये."

तो आत आला. चहा झाला. मग अब्बा गुलाबच्या लहानपणाचं सांगू लागले, आणि आम्ही दोघं अंधार पडेपर्यंत ऐकत बसलो.