शेवटचा वॉल्व्ह

आमचे भगवंतकाका बेला गावचे, पण नोकरी आदिलाबादला, पोलिसांच्या बिनतारी केंद्रात. छप्पन साली भाषेप्रमाणं राज्यं बदलायच्या गडबडीत हैदराबादला दिवसभर संदेश जायचे आणि तिकडून एकच उत्तर यायचं, "आवाज फटा है, फिर बोलो." मग केंद्राचे साहेब, मुधोळचे सुधाकरराव, यंत्राची ताकद पार शेवटाला नेत आणि शेतातल्या माळ्यावरून पाखरं हाकलावीत तसे ओरडत. शेतकऱ्याच्या घरची सवय ती. आवाज आणखीच फाटे.

एका दुपारी काकांनी न विचारताच ताकद कमी केली.

"काऊन कमी केली?" साहेब म्हणाले.

"यंत्रातल्या शेवटच्या वॉल्व्हला, त्या काचेच्या नळीला, झेपते तेवढंच द्या, साहेब. तोवर दुप्पट दिलं की तो दुप्पटच पाठवते. वर गेलं की आवाजाचे शेंडे खुडते, ज्वारीची कणसं खुडावी तसे."

साहेब नाराजीनंच हळू बोलले. तिकडून आलं, "साफ है."

त्याच आठवड्यात बेल्याच्या चावडीपुढं सारं गाव ओरडत होतं, आमाला मराठी मुलखात घ्या म्हणून. काका गप्प होते. कोणीतरी टोकलं, तेव्हा म्हणाले, "इथून ओरडलं तर तिकडं फाटूनच पोचते." मग कागद मागवून त्यांनी सरकारला चार साध्या ओळींचा अर्ज लिहिला.

अर्ज साफ पोचला. त्याची पोच अजून माझ्याकडं आहे. गाव मात्र मराठी मुलखात गेलं नाही. तिकडून "फिर बोलो" एवढंही कोणी म्हटलं नाही.