दुसरीच्या घरातली नाताळची कॅसेट

ती कॅसेट माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकते.

गडचिरोलीकडच्या वडसा गावात आमच्या घराला लागून दोन खोल्यांत दवाखान्यातल्या एक नर्स भाड्याने राहायच्या. सगळा मोहल्ला त्यांना सिस्टर म्हणायचा, मी मावशी म्हणायचे. त्यांची मुलगी आणि मी एका वर्गात, एकाच बाकावर. आम्ही पाचवीत असताना त्यांच्या नागपूरच्या नातेवाइकांनी नाताळच्या गाण्यांची एक कॅसेट पाठवली. कव्हरवर निळं आकाश, एक मोठा तारा आणि खाली गवताची झोपडी. दोन्ही बाजू मिळून दहा गाणी, सगळी मराठीत.

आमच्याकडेही टेपरेकॉर्डर होता, पण तो अब्बांच्या शिलाईच्या दुकानात. थंडीत वडशाला नाटक कंपन्यांचा हंगाम असायचा. राजा, प्रधान, अप्सरा, सगळ्यांचे कपडे अब्बा शिवायचे. तिथे कव्वाल्या लागायच्या नाहीतर नाटकातली गाणी. मला ती आवडायचीच. पण त्या निळ्या कव्हरमधली दुसऱ्या बाजूची शेवटची गाणी लागली की मी टेपला कान लावून बसायचे. त्यातलं अगदी शेवटचं म्हणजे बाळाचा पाळणा. एक बाई अगदी हलक्या आवाजात म्हणायची, मागे फक्त बासरी. मला त्याची तिन्ही कडवी श्वासासकट पाठ होती.

माझ्या मैत्रिणीला त्या कॅसेटचं काही नव्हतं. ती झाकण उघडं ठेवायची, पट्टी सैल झाली तरी तशीच लावायची. मी पेन्सिल घालून ती गुंडाळून द्यायचे आणि मनात जळायचे. हिला फुकट मिळाली, म्हणून हिला कदर नाही, असं मला वाटायचं. अम्मी एकदा म्हणालीसुद्धा, की त्यांच्या घरी जाऊन तू इतकी का बसतेस. मी म्हटलं, अभ्यास करतो.

सहावीच्या डिसेंबरात चंद्रपूरहून तिची मामेबहीण सुट्टीला आली. इंग्रजी शाळेत शिकणारी, लांब वेणी, आणि बोलायची 'मला, तुला', आमच्यासारखं 'मले, तुले' नाही. आल्या दिवसापासून ती टेपजवळच्या माझ्या जागेवर बसू लागली. दोनच दिवसांत मावशींनी सांगितलं की रेल्वे वसाहतीजवळच्या हॉलमध्ये नाताळच्या प्रार्थनेला मुली गाणी म्हणणार आहेत, आणि पाळणा ही पोरगी एकटी म्हणणार.

मी लगेच म्हटलं, "मावशी, तो मले येते. पूर्ण येते."

मावशी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "येते वो बाई, मले मालूम आहे. पण प्रार्थनेत आपल्या घरच्या पोरी गातात ना. तू समोर बस ऐकाले."

त्या प्रेमानेच बोलल्या. पण 'आपल्या घरच्या' एवढेच दोन शब्द घेऊन मी घरी आले आणि जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी मी मैत्रिणीकडे कॅसेट मागितली. "एक दिवस दे, अब्बांच्या टेपवर ऐकतो." तिने वर न बघता दिली. दुकानात कोपऱ्यात बसून मी कॅसेटच्या वरच्या दोन भोकांवर चिकटपट्टी लावली. नाटकवाले तालमीसाठी जुन्या कॅसेटवर नवी गाणी भरून घ्यायचे, ती भोकं बुजवली की कॅसेटवर पुन्हा भरता येतं, हे त्यांच्याकडूनच शिकले होते. पाळणा शोधला, पहिल्या दोन ओळी जाऊ दिल्या आणि प्ले आणि रेकॉर्डची दोन्ही बटणं एकदम दाबली. गाणं पुसलं जावं, त्या मामेबहिणीला शिकायलाच काही मिळू नये, एवढंच डोक्यात होतं. अब्बा मशीनवर होते, समोर गिऱ्हाईक उभं होतं. चाकं फिरताना मला फार बरं वाटलं. नंतर चिकटपट्टी काढून कॅसेट संध्याकाळी परत केली.

तालमीला मावशींच्या पुढच्या खोलीत सात-आठ मुली जमल्या. पाळणा लागला. दोन ओळी झाल्या आणि खट्ट आवाज आला. मग शिलाई मशीनची खडखड, आणि त्यातून अब्बांचा आवाज अगदी स्पष्ट: "भाऊ, राजाची कंबर वाढून राह्यली दरवर्षी. येवढ्या मखमलीत नाई बसत ना आता."

क्षणभर कोणालाच काही कळलं नाही. मग मुली फिदीफिदी हसत सुटल्या. माझी मैत्रीण ओरडली, "अवो, हा तर तुह्या अब्बाचा आवाज हाय!"

गाणं पुसताना दुकानातला आवाजही त्यावर भरला जातो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मावशींनी टेप बंद केला. सगळ्या मुलींना अंगणात पाठवलं आणि मला विचारलं, "काऊन केलं वो?"

मी टेपमधली कॅसेट काढून त्यांच्या हातात दिली.

"आता गाणं कुठून आणू? पाच दिवस राह्यले." त्यांनी मामेबहिणीला अंगणातून आत बोलावलं. मग म्हणाल्या, "तुले पूर्ण येते म्हणत होती ना? मंग तूच शिकव हिले."

त्यांनी मारलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मी शिकवायला बसले. पहिल्या दिवशी तिसऱ्या कडव्याची एक ओळ मुद्दाम वाकडी शिकवली, सूर जिथे वर जातो तिथे खाली आणला. तिने माझ्याकडे विश्वासाने बघत ती तशीच म्हटली, एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा मला ते ऐकवेना. माझ्या गाण्याचं वाटोळं मीच करत होते. "थांब, चुकलं माझं, असं आहे," म्हणून मी खरी चाल सांगितली. ती लगेच शिकली. तिचा गळा माझ्यापेक्षा चांगला होता, हे त्या दिवशी मला कळलं आणि ते जास्त लागलं.

अब्बांना बातमी कळली तेव्हा ते रागावले नाहीत, पण टोपी नीट करून सिस्टरांच्या दारात गेले. "पोरीनं मोठी चूक केली, सिस्टर. गाणं तर मी भरून नाई देऊ शकत. जी पोरगी गाऊन राह्यली तिले मी झगा शिवून देतो." एका अप्सरेच्या पोशाखातून उरलेलं पांढरं सॅटिन होतं, त्याचा त्यांनी तिच्यासाठी पायघोळ झगा शिवला, घेराला गोट्याची चंदेरी किनार लावली. मापाची पट्टी धरायला मी. हूक लावायला मी. माझे ईदचे कपडे नेहमी गिऱ्हाइकांचं सगळं झाल्यावर, आदल्या दिवशी घाईत शिवले जायचे. हिच्यासाठी अब्बा दोनदा उसवून बाही नीट करत होते.

नाताळला मी सतरंजीवर दुसऱ्या रांगेत बसले. तिने तो झगा घालून पाळणा म्हटला. कुठे चुकली नाही. माझ्या शेजारची म्हातारी पदराने डोळे पुसत होती. मला रडू आलं, पण ते गाण्यामुळे आलं नव्हतं.

नंतर करंज्या वाटताना कोणीतरी तिला विचारलं, "कोणी शिकवलं इतकं छान?" ती म्हणाली, "कॅसेटवरून शिकले."

मावशी मागूनच म्हणाल्या, "नाई. ह्या पोरीनं शिकवलं." चार-पाच जणांनी वळून माझ्याकडे पाहिलं, आणि परत तिच्या झग्याकडे पाहायला लागले.

पुढच्या उन्हाळ्यात मावशींची गडचिरोलीला बदली झाली. सामान बांधताना मी कॅसेट पेटीत जाताना पाहिली. मागायची हिंमत झाली नाही.

लग्न होऊन मी नागभीडला आले. नागपूरला गेले की दुकानांत विचारायचे. गाणाऱ्या बाईचं नाव मला कधीच माहीत नव्हतं, म्हणून निळ्या आकाशाचं, ताऱ्याचं वर्णन करायचे. एक दुकानदार म्हणाला, "ताई, नाताळच्या सगळ्याच कॅसेटवर तारा असते." आणि पुढे तर सगळ्या सीडीच आल्या.

मग एकदा मैत्रीण माझ्याकडे आली. ती आता स्वतः नर्स होती. जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कोणती कॅसेट?" ती म्हणाली. मग आठवलं तिला. "ते होय! गेली असेल कुठी तरी, घर बदलवताना. मले तर एक गाणंबी आठवत नाई." असं म्हणून तिने वरणभात कालवला. इतक्या वर्षांनी मी पुन्हा तशीच जळले. जिच्याकडे कॅसेट होती, तिला विसरायचीसुद्धा मुभा होती.

"तुले याद आहेत का वो?" तिने विचारलं. "म्हणून दाखव ना एखादं. आईले फोनवर ऐकवतो."

पाळण्याची तिन्ही कडवी माझ्या जिभेवर होती.

"नाई वो," मी म्हटलं. "मलेबी कुठी याद आहेत." आणि तिला वाढायला भात घेतला.