गुंजन डावखुरी नव्हती

हिंगणघाटच्या वर्षालीची गुंजन सात महिन्यांची झाली, तरी खुळखुळा फक्त डाव्या हाताने ओढायची. उजवी मूठ अंगठा आत दाबून मिटलेली. झबलं घालताना तो हात सरळ करता करता वर्षालीला घाम फुटायचा.

"डावखुरी हाय, आजावर गेली," सासूबाई आनंदाबाई म्हणाल्या.

"आई, एवढंसं लेकरू डावखुरं असते का?"

"तू लय इचार करून राह्यली. रजतही उशिराच बसलता."

नवरा, रजत, आईच्याच बाजूने. गल्लीतल्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं आणि वर्षाचा वाढदिवस होऊ द्या म्हणाले. वाढदिवस झाला. गुंजन रांगेना, बसल्या बसल्या डाव्या हाताने अंग ओढत पुढे सरके. डॉक्टर म्हणाले, "अजून थोडी वाट पाहू."

"किती थांबू अजून?" वर्षाली दवाखान्यातच कडाडली. दुसऱ्या दिवशी रजतला सुट्टी घ्यायला लावून तिने वर्ध्याची एसटी धरली.

तिथल्या बालरोगतज्ज्ञ नमिता मॅडमनी गुंजनला सतरंजीवर सोडलं आणि नुसतं पाहत बसल्या. मग चेंडू मुद्दाम उजवीकडे धरला. पोरीने डावा हात आडवा आणून तो घेतला. मॅडमनी तिचं उजवं पाऊल झटकन वर दाबलं, तर पाय थडथडत राहिला.

"जन्मल्यावर लगेच रडली होती?"

"नाई. काचेच्या पेटीत ठेवलं होतं."

एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला जुनी इजा दिसली. मॅडम म्हणाल्या, "सेरेब्रल पाल्सी. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली, म्हणून उजव्या हातापायावर ताबा कमी आहे. इजा वाढणार नाही, पण व्यायाम नसला तर स्नायू आखडत जातील. वर्षाच्या आत एकच हात वापरणं, हीच मोठी खूण असते."

"मंग आधी कोणी पाह्यलं काऊन नाई?"

"पाहायला हवं होतं," मॅडम एवढंच म्हणाल्या.

रजतने विचारलं, "चालल का ते?"

"आधाराशिवाय बसते, म्हणजे बहुतेक चालेल. किती चांगली, ते दोन वर्षांची झाल्यावर नीट सांगता येईल."

परतताना वर्षाली एसटीत गुंजनची मिटलेली उजवी मूठ हळूहळू उघडत बसली.

व्यायाम सुरू झाले. रोज थोडा वेळ डाव्या हाताला मोजा बांधायचा, म्हणजे उजवा कामाला लागतो. आनंदाबाई चिडल्या. "चांगला हात काऊन बांधता व?" वर्षालीने शंभरदा समजावलं. अखेर मोजा त्यांच्याच हाती दिला आणि म्हणाली, "आता तुमीच बांधजा."

दिवाळीच्या सुमारास गुंजनने उजव्या हाताने मुरमुरे उचलले. अर्धे सांडले. आनंदाबाईंनी ते वेचले आणि पुन्हा तिच्यापुढे ठेवले.