शीग लावून भरलेलं ऑइल

ब्रेक लागलाच नाही. दोन्ही पायडलांवर जवळजवळ उभी राहिले तरी ट्रॅक्टर उतारावर पळतच राहिला. मागं ट्रॉलीत टोमॅटोचे भरलेले कॅरेट, त्यांचं वजन आम्हाला पुढं ढकलतंय. शेजारी मडगार्डवर माझी सून.

"आई, दाबा की ब्रेक!"

"दाबलाय गं! आता काय खाऊ त्याला?"

डिंगोऱ्याकडचा तो उतार मला पाठ आहे. खाली वळण, आणि वळणाला बिनकठड्याची विहीर. घाबरून मी ब्रेकबरोबर क्लचही दाबून धरला होता, म्हणजे इंजिनाची अडवणूकही मीच सोडून दिली होती. ते ध्यानात आलं तसा डावा पाय काढला. इंजिन गुरगुरलं, वेग जरासा आवरला. विहिरीच्या अलीकडं डाव्या हाताला पाणी दिलेलं नांगरलेलं रान होतं. मी स्टेअरिंग तिकडं ओढलं. बांध ओलांडून आम्ही चिखलात शिरलो, पुढची चाकं निम्मी रुतली आणि ट्रॅक्टर थांबला. ट्रॉली आडवी झाली, रानभर टोमॅटो.

माणसं जमली. त्यातला एक म्हणाला, "ह्या वयात ट्रॅक्टर कशाला पायजे, म्हातारे? गप माळ जपावी."

"माळ तू जप. मला आधी ब्रेक बघू दे."

संध्याकाळपर्यंत मुलगा चाकणहून आला. ट्रॅक्टर विकायचं त्याच्या मनात दोन वर्षांपासून होतं.

"आई, आता बास. भंगारात घालतो हा."

"चाक उघडल्याशिवाय न्हाई. चूक माझ्या हाताची निघाली तर खुशाल घाल."

हा ट्रॅक्टर मला कोणी शिकवला नाही. नवरा अंथरुणाला खिळला, पेरणी तोंडावर आली, तेव्हा बसले आणि चालवला. तो गेल्यावरही चालवला. ट्रॅक्टर गेला असता तर नांगरटीसाठी रोज कोणाच्या तरी दारात उभं राहावं लागलं असतं. ते मला जमणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जुन्नरहून मिस्त्री आले. माझ्याच वयाचे, आमच्या ट्रॅक्टरचा प्रत्येक नट ओळखणारे. त्यांनी मागचं चाक काढून ब्रेक उघडला. चाक आवळून धरणारं लायनर नुकत्या तळलेल्या भज्यासारखं तेलानं निथळत होतं.

"बाई, गिअरचं ऑइल कुणी बदललं?"

"मी. खंडेनवमीला."

"कोणतं टाकलं?"

मी रिकामा डबा आणून दिला. दुकानदार म्हणाला होता, हे सगळ्याला चालतं, गिअर, लिफ्ट, ब्रेक, सगळं एकातच. महाग होतं म्हणून मला वाटलं चांगलंच असणार.

मिस्त्रींनी डबा बाजूला ठेवला. "हे पातळ. नव्या ट्रॅक्टरांना ठीक, त्यांचे ब्रेकच ऑइलात बुडलेले असतात. तुमचे कोरडे. गिअर आणि ब्रेकच्या मधे एक रबरी सील, तेही म्हातारं. पातळ ऑइल त्यातून झिरपणारच, आणि तेलकट लायनर चाकाला धरत नाही." मग त्यांनी ऑइल मापायची पट्टी ओढून माझ्यापुढं धरली. ऑइल खुणेच्या चार बोटं वर होतं, पार सीलापर्यंत चढलेलं.

तेही माझंच काम. खंडेनवमीला आम्ही अवजारं धुतो, पुजतो. सणाला आमच्या घरात धान्याचं मापसुद्धा सपाट भरत नाहीत, वर शीग लावतात. खुणेवर थांबायचं आणि डब्यात ऑइल उरवायचं, हे त्या दिवशी माझ्या हाताला पटलं नाही. सगळा डबा ओतला. वर हळदकुंकूही वाहिलं.

मुलगा हसला. "बघ. हात तुझाच निघाला. बोलली व्हतीस."

"ओतणारा हात चुकला. चालवणारा न्हाई. त्यानं रान गाठलं, विहीर न्हाई."

तो काही बोलायच्या आत सून म्हणाली, "शेजारी मी व्हते. तुमी नव्हता. मी उद्या बी बसंन."

विषय तिथं मिटला.

सील आणि लायनर नवीन बसवायचं ठरलं. ऑइलचं मिस्त्रींनी सांगितलं: नव्वद नंबरचं घ्या, ते घट्ट असतं, पण त्यातही दोन येतात. डब्यावर जीएल चार असेल तेच. पाचमधलं औषध आत जुनं पितळ असेल तर त्याला खातं.

जुन्नरच्या बाजारात त्याच दुकानात गेले. दुकानदारानं परत तोच महागाचा डबा काढला.

"काकू, सगळे हेच नेतात."

"सगळ्यांनी न्यावा. मला नव्वद द्या, जीएल चार."

त्यानं दुसरा डबा दिला. मी वाचला आणि परत सरकवला. "हा पाच आहे."

"एका आकड्यानं काय व्हतंय, काकू?"

"चौथीपर्यंत शिकलेय. चार न् पाच कळतात मला. तुमाला न्हाई कळत?"

मागं उभं असलेलं गिऱ्हाईक खुदकन हसलं. चारचा डबा मिळाला.

घरी येऊन मी स्वतः ओतला, पट्टी बघत बघत. बरोबर खुणेवर थांबले. उरलेलं ऑइल झाकण लावून फळीवर ठेवलं. पुढच्या खंडेनवमीला ट्रॅक्टरला झेंडूची माळ घातली, ऑइल थेंबभरही जास्त दिलं नाही. शीग नैवेद्याच्या ताटाला लावली.

टोमॅटो घेऊन आम्ही अजूनही त्याच उतारानं जातो. ब्रेक गेला त्या दिवशी ट्रॅक्टरवर दोघी होतो, मी आणि माझी सून. दोघी जिवंत आहोत.